केडगावची शास्त्रोपासना

स्तोत्रसंहितेतील ११९ वे स्तोत्र आपल्या १७६ वचनांत ईश्वरी नियमशास्त्राचीच महती गाते. त्या महतीचा प्रत्यय पाहावयाचा तर पंडिता रमाबाईंचे उत्तरायुष्य पाहावे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडलेल्या, दुष्काळात मातापितरांना अंतरलेल्या आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पदव्या देऊन गौरविलेल्या या बाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला खरा. परंतु धर्मांतराबरोबर मनःशांती पदरात पडली असे झाले नाही, ती पुढे काही वर्षांनी, बायबलचे मनन करता करता लाभली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार स्त्रियांचा सांभाळ, शेतीभाती आणि जमाखर्चाचे दप्तर एवढा कारभार पाहून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा व्यासंग केला आणि खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही उमगावे म्हणून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरविले. (पंडितेने पांडित्य बाजूस ठेवावे, हा त्याग लहान समजू नये!) खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे सदनातल्या स्त्रियाच करीत, आणि त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखच मुळी तेथे झालेली होती.

१९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, कानांनी तर केव्हाच दगा दिलेला. तरीही लेखणी खाली ठेवली गेली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंचे देहावसान झाले, आणि तो ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.