विडा उचलणारे हात

जबाबदारी पत्करण्यासाठी मराठीत वाक्प्रचारांची वाण नाही. काम अंगावर घ्यावे, ओझे शिरावर घ्यावे, धुरा खांद्यावर घ्यावी. ‘विडा उचलणे’ मात्र या सगळ्यांत वेगळे. बाकीच्यांत भार आहे. यात भरसभेत दिलेला शब्द आहे.

दरबारात अवघड कामगिरी निघाली की तबकात विडा मांडत आणि सवाल टाकत, हा कोण उचलतो? जो पुढे होई, त्याने ती पत्करली असे सर्वांदेखत ठरे. १६५९ साली शिवाजी महाराजांवर चालून येण्यापूर्वी अफजलखानाने विजापूरच्या दरबारात असाच विडा उचलला, असे परंपरा सांगते. विड्यातली सुपारीही याच कामी आली. लग्न ठरले की सुपारी फुटते, तमाशाचा फड सुपारी घेऊन खेळ पक्का करतो. पुढे गुन्हेगारांनी तोच शब्द खुनाच्या सौद्याला लावला. उघड्या सभेतला शब्द अंधारात गेला की त्याचे काय होते, ते यावरून कळावे.

आपल्या वऱ्हाडाला विड्याचे पान परके नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवर दर्यापूरनंतर अंजनगाव लागते. अंजनगाव-सुर्जी आणि अकोट भागातले पानमळे बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या राखले. नागवेलीला सावली हवी, आधार हवा, ओल हवी. साचलेले पाणी मात्र सोसत नाही. वर चढलेला वेल उतरवून पुन्हा मातीत दाबावा लागतो. तबकातल्या एका पानामागे अशी बारमाही राखण असते.

याच अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी देबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. वडील लवकर गेले. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे, गुरे राखत आणि शेत कसत, ते मोठे झाले. मुलीच्या बारशाला मटण-दारूची पंगत देण्याची रीत होती. देबूजींनी गोडाचे जेवण वाढले. जातभाईंच्या पंगतीतच त्यांनी पहिला विडा उचलला. १९०५ मध्ये घर सोडले. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या निसरड्या काठावर माणसे घसरत. तिथे त्यांनी घाट बांधवला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या, मूर्तिजापुरात गोरक्षण उभे राहिले. देबूजींचे गाडगेबाबा झाले.

त्यांच्यापुढे कोणी तबक धरले नव्हते. दिसेल ते काम त्यांनी आपले मानले आणि तडीस नेले. धर्मशाळा यात्रेकरूंसाठी बांधल्या, कारभार विश्वस्तांवर सोपवला, स्वतः मात्र त्यांत मुक्काम केला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, तोवर हातातला खराटा सुटला नाही.

आजही गावोगावी विडे उचलले जातात: स्वच्छतेचे, पाण्याचे, व्यसनमुक्तीचे. बंद पडलेली शकुंतला पुन्हा धावावी म्हणून मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूरचे लोक झटत आहेत. अशा कामांत टाळ्या विडा उचलताना पडतात. वर्षभराने मात्र कोणी विचारत नाही. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढे जात नसत. तोच धाक आपल्या सभांना हवा. विडा एकाने उचलला, तरी साक्षीला आपण सगळे बसलेलो असतो; काम झाले की नाही, हे विचारण्याची जबाबदारी आपलीच आहे.