लाल पाणी खाली का?

सिरोंचाजवळच्या एका शाळेत मी चार वाट्यांत सारखेच पाणी घेतले. एक साधी ठेवली, उरलेल्यांत २, ४ आणि ६ चमचे साखर विरघळवली, प्रत्येकीत वेगळा रंग टाकला. सर्वांत गोड लाल पाणी आधी ग्लासात ओतले. त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूहळू पिवळे, हिरवे, शेवटी साधे निळे. थर एकावर एक राहिले. कारण विचारताच उत्तर आले, ‘लाल रंग जड असतो.’

चूक माझीच. साखर आणि रंग मी एकदमच बदलले होते. दुसऱ्या दिवशी रंगांची अदलाबदल केली, तेव्हा निळे तळाशी राहिले. मग मुले म्हणाली, दाट ते खाली. मी मोहाच्या बियांचे तेल आणले. पाण्याहून दाट, तरी वरच! घनता म्हणजे ठरावीक आकारमानातले वस्तुमान: पाण्याच्या एका मिलिलिटरचे सुमारे १ ग्रॅम, खाद्यतेलाचे ०.९२. घोटाळा शब्दाचाही आहे. इथल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, आणि तिथला ‘सांद्रता’ हा शब्दही दाटपणाकडेच ओढतो.

गाठ सुटली ती धानापाशी. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकतात. पोचट तरंगते ते काढून टाकतात, तळाचे धुऊन सावलीत वाळवतात. मीठ कशाला, साधे पाणी का नको, असे मी विचारले.

मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली, ‘साध्या पाण्यात अर्धवट भरलेलंही बुडते ना, सर.’