संगणकाच्या पोटातला फोन

नोव्हेंबर २००७ मध्ये गुगलने अँड्रॉइड या मोबाइलसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली आणि पाठोपाठ प्रोग्रॅमर मंडळींसाठी एक साधनसंच खुला केला. उत्तम प्रोग्रॅमना एकूण एक कोटी डॉलरची बक्षिसेही जाहीर झाली. गंमत अशी की, ज्या फोनसाठी हे प्रोग्रॅम लिहायचे होते तो फोन तेव्हा कोणत्याच दुकानात मिळत नव्हता. तरीही एप्रिल २००८ पर्यंत स्पर्धेत १,७८८ प्रवेशिका दाखल झाल्या. अँड्रॉइडवर चालणारा पहिला हँडसेट अमेरिकेच्या बाजारात आला तो ऑक्टोबर २००८ मध्ये. मग आपला प्रोग्रॅम चालतो की नाही, हे स्पर्धकांनी पाहिले कशावर? उत्तर सोपे आहे. टेबलावरच्या संगणकावर. साधनसंचातच ‘एम्युलेटर’ नावाचे एक सॉफ्टवेअर होते आणि ते पडद्यावर एक अख्खा फोन उभा करीत असे.

एम्युलेटर म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे घेतलेले सोंग. ही कल्पना काही मोबाइलच्या जमान्यातली नव्हे. १९६४ साली आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची नवी मालिका आणली, तेव्हा ग्राहकांचा पहिला प्रश्न होता, ‘आमच्या जुन्या प्रोग्रॅमचे काय?’ त्यावर उपाय म्हणून नव्या यंत्रात जुन्या ‘१४०१’ संगणकाचे सोंग घेण्याची सोय करण्यात आली. जुने प्रोग्रॅम आपण जुन्याच यंत्रावर चालत आहोत, अशा समजुतीत नव्या यंत्रावर चालू लागले.

फोनच्या बाबतीत हे सोंग वठवणे अवघड का जाते, हे समजून घेण्यासाठी प्रोसेसरकडे वळावे लागेल. प्रत्येक प्रोसेसरची आज्ञा समजण्याची एक भाषा असते. बहुतेक स्मार्टफोनमध्ये ‘एआरएम’ जातीचे प्रोसेसर असतात, तर विंडोजवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांत इंटेल किंवा एएमडी यांचे ‘एक्स८६’ जातीचे. या दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. त्यामुळे मध्ये दुभाष्या बसवावा लागतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ साली ‘क्यूईएमयू’ नावाचा असाच एक दुभाष्या मुक्त स्वरूपात उपलब्ध करून दिला आणि अँड्रॉइडचा एम्युलेटर त्याच पायावर उभा राहिला. परंतु भाषांतराला वेळ लागतो. सुरुवातीच्या काळात हा पडद्यावरचा फोन सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा, असे त्या काळातले प्रोग्रॅमर आजही सांगतात.

यावर तोडगा निघाला तो दुभाष्यालाच रजा देऊन. अँड्रॉइडची ऑपरेटिंग सिस्टिम एक्स८६ प्रोसेसरच्या भाषेतच तयार केली, तर भाषांतराची गरज उरत नाही. मग संगणकाने आपल्या प्रोसेसरचा आणि मेमरीचा एक कोपरा वेगळा काढून द्यायचा आणि अँड्रॉइडने तो स्वतःचे घर समजून राहायचे. याला ‘व्हर्च्युअलायझेशन’ म्हणतात. इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसरमध्ये यासाठीची खास सोय २००५-०६ पासून येऊ लागली. अॅपलने २०२० पासून मॅक संगणकांत एआरएम जातीचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. त्यामुळे तिथे तर फोनची आणि संगणकाची भाषा मुळातच एक झाली.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आपला संगणक विंडोजचा असेल, तर आधी ‘टास्क मॅनेजर’ उघडून ‘परफॉर्मन्स’ या विभागात प्रोसेसरच्या माहितीखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ सुरू आहे का, हे पाहावे. ते बंद असल्यास संगणक सुरू होतानाच्या ‘बायोस’ सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते. एम्युलेटर रखडतो अशी तक्रार करणाऱ्या अनेकांची अडचण नेमकी इथेच असते. त्यानंतर विंडोजच्या वैकल्पिक सुविधांच्या यादीतून ‘विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म’ निवडावा. मग गुगलचे ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे मोफत सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे. त्यातील ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये फोनचे मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती निवडली की, पडद्यावर फोन अवतरतो. यासाठी संगणकात किमान १६ जीबी रॅम हवी. हार्ड डिस्कवरही बरेच गीगाबाइट मोकळे ठेवावेत. अॅपची फाइल माउसने ओढून या फोनवर सोडली की, ते अॅप तिथे बसते.

हा नुसता देखावा नव्हे. या फोनला खोटा कॉल करता येतो, खोटा एसएमएस पाठवता येतो. आपण डोंबिवलीत बसून फोनला ‘तू गडचिरोलीत आहेस’ असे पटवून देऊ शकतो. बॅटरी अगदी संपत आली आहे किंवा इंटरनेटचा वेग टूजीइतका मंद आहे, अशी परिस्थितीही निर्माण करता येते. महागडा फोन आणि वेगवान वायफाय यांच्या सहवासात अॅप लिहिणाऱ्याला आपला ग्राहक कोणत्या अवस्थेत ते उघडणार आहे, याची जाणीव इथे होऊ शकते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने तर याला वेगळेच महत्त्व आहे. अँड्रॉइडच्या मेनूंसाठी मराठी भाषा २०१४ साली आलेल्या ५.० या आवृत्तीपासून उपलब्ध झाली. परंतु ऑपरेटिंग सिस्टिमला मराठी आली म्हणून प्रत्येक अॅपला येतेच असे नाही. इंग्रजी शब्दाच्या मापाने कापलेल्या बटणात मराठी शब्द मावत नाही. वेलांटीचा माथा किंवा उकाराचा पाय छाटला जातो. वय झालेल्या माणसाने अक्षरे मोठी करून घेतली की, ‘पुढे जा’ हे बटणच पडद्याबाहेर निघून जाते. एम्युलेटरवर भाषा मराठी करावी, अक्षरे सर्वांत मोठी करावीत, पडदा लहान निवडावा आणि आपले अॅप एकदा शांतपणे पाहावे. पाच मिनिटांची ही तपासणी अनेकांचा मनस्ताप वाचवू शकते. अभियांत्रिकीच्या ज्या विद्यार्थ्याकडे एकच साधा फोन आहे, त्याला दहा प्रकारचे फोन याच मार्गाने विनाखर्च हाताळता येतात.

सोंगाच्या मर्यादा मात्र विसरता कामा नयेत. हातात धरलेल्या फोनचे तापणे, उन्हात न दिसणारा पडदा, घामेजलेल्या अंगठ्याचा स्पर्श या गोष्टी एम्युलेटर सांगू शकत नाही. त्यात खरे सिमकार्ड नसते. त्यामुळे सिमवरून एसएमएस पाठवून ओळख पटवणारी यूपीआयसारखी सेवा तिथे सुरू करता येत नाही, आणि बँकांची अनेक अॅप सुरक्षिततेपोटी एम्युलेटरवर चालण्यास नकार देतात. हा नकार चुकवण्याच्या ‘युक्त्या’ शिकवणाऱ्यांपासून आणि अनोळखी संकेतस्थळांवरील फुकट एम्युलेटरपासून चार हात दूर राहणेच शहाणपणाचे.

केवळ खेळ किंवा एखादे अॅप मोठ्या पडद्यावर वापरण्यासाठी ब्लूस्टॅक्ससारखी सॉफ्टवेअर आहेत. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ११ मध्ये २०२१ साली अँड्रॉइड अॅप चालवण्याची सोय आणली होती. पण तिचा पाठिंबा मार्च २०२५ मध्ये थांबला. आयफोनचे गणित वेगळे आहे. अॅपल मॅकवर ‘सिम्युलेटर’ देते. त्यात फोनच्या यंत्राची नक्कल नसते. अॅप मॅकसाठीच तयार करून आयफोनच्या चौकटीत दाखवले जाते.

२००८ मधल्या त्या स्पर्धकांनी न पाहिलेल्या फोनसाठी प्रोग्रॅम लिहिले, कारण त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, पण तो ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या खिशातला फोन कसा दिसतो, कसा अडखळतो, हे बसल्या जागी पाहण्याची सोय म्हणजे एम्युलेटर. अॅप लोकांच्या हाती देण्यापूर्वी ती वापरण्याइतकी सवड प्रत्येक प्रोग्रॅमरने काढावी, एवढीच अपेक्षा.