विशबोन रचनेचा जनक : एमरी बेलार्ड

फुटबॉल म्हटले की गोव्यातील वाचकाच्या डोळ्यांसमोर पायाने खेळला जाणारा चेंडू उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत मात्र हे नाव एका निराळ्याच खेळाला मिळाले आहे. त्या खेळातील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून धावावयाचे, सोबत्याकडे फेकावयाचा, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याला अंगावर घेऊन खाली पाडावयाचे, असा तो झोंबाझोंबीचा खेळ आहे. तेथील विद्यापीठांत या खेळाचे प्रस्थ एवढे मोठे आहे की शनिवारच्या सामन्याला लाखभर माणसे जमल्याची उदाहरणे आहेत.

या खेळाचा एक नियम प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. प्रत्येक बाजूस ११ खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की ६ गुण. त्यानंतर चेंडू लाथेने खांबांमधून उडवला तर १ गुण अधिक, आणि पुन्हा धावत किंवा फेकून रेषेपार नेला तर २ गुण अधिक. प्रत्येक प्रयत्नापूर्वी खेळ क्षणभर थांबतो व दोन्ही बाजू नव्याने मांडणी करतात. त्यामुळे अंगबळाच्या या खेळात बुद्धिबळाचाही मोठा अंश आला आहे.

म्हणूनच तेथे शिक्षकाचे महत्त्व फार. विद्यापीठाच्या संघाला एक मुख्य शिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली अनेक साहाय्यक असतात. कोणी बचाव शिकवतो, तर कोणी केवळ चढाई. विजयानंतर वर्तमानपत्रांत नाव छापले जाते ते मुख्य शिक्षकाचे. चढाईच्या शिक्षकाला फारसे कोणी ओळखत नाही. असाच एक साहाय्यक एमरी बेलार्ड हा होय. त्याने कागदावर आखलेल्या एका मांडणीने अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल निदान दहा-बारा वर्षे व्यापून टाकला.

बेलार्ड यांचा जन्म १७ डिसेंबर १९२७ रोजी टेक्सास राज्यातील लूलिंग या लहान गावी झाला. ते प्रथम टेक्सास विद्यापीठात खेळण्यास गेले. परंतु पाय मोडल्यामुळे तेथील खेळ संपला. पुढे सॅन मार्कोस येथील शिक्षक-महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि शाळांमध्ये फुटबॉल शिकवू लागले. इंगलसाइड, ब्रेकनरिज, सॅन अँजेलो ही त्यांची कामाची गावे. टेक्सासमध्ये शालेय फुटबॉल हा गावाच्या अभिमानाचा विषय असतो. शुक्रवारी रात्री सगळे गाव मैदानावर लोटते आणि संघ हरला तर शिक्षकाला बाजारातून जाणेही जड वाटते. ब्रेकनरिजच्या शाळेने त्यांच्या हाताखाली १९५८ साली राज्याचे विजेतेपद मिळवले व १९५९ साली ते दुसऱ्या एका शाळेबरोबर वाटून घेतले. १९६६ साली सॅन अँजेलोच्या मुलांनीही तो मान मिळवला. अशी पंधराहून अधिक वर्षे शाळांत काढल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९६७ साली त्यांना टेक्सास विद्यापीठाने साहाय्यक म्हणून बोलावले.

त्या वेळी तेथील मुख्य शिक्षक डॅरेल रॉयल अडचणीत होते. १९६३ साली त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. परंतु १९६५, १९६६ आणि १९६७ या तिन्ही मोसमांत संघ प्रत्येकी चार सामने हरला. जेथे विजयाची सवय जडलेली असते तेथे चार पराभव सहन केले जात नाहीत. रॉयल यांच्याजवळ चेंडू घेऊन धावणारे उत्तम गडी एकाहून अधिक होते. त्या सर्वांना एकाच वेळी उपयोगात आणील अशी मांडणी शोधण्याचे काम १९६८ साली त्यांनी बेलार्ड यांच्याकडे सोपवले आणि चढाईची जबाबदारीही त्यांनाच दिली.

बेलार्ड यांनी काढलेली आकृती दिसावयास साधी होती. चेंडू प्रथम हाती घेणारा व चढाई चालवणारा जो खेळाडू, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्या अगदी पाठीशी एक धावणारा गडी, म्हणजे फुलबॅक. आणि त्याच्याही मागे, उजव्या-डाव्या अंगांना एकेक, असे दोन हाफबॅक. वरून पाहिले तर मुले आंब्यावर खडे मारण्यासाठी जी बेचकी करतात तिचा आकार दिसावा. ह्यूस्टनचे क्रीडावार्ताहर मिकी हर्स्कोविट्झ यांना त्यात कोंबडीच्या छातीवरील दुबेळके हाड दिसले. अमेरिकेत त्या हाडाला ‘विशबोन’, म्हणजे इच्छेचे हाड, म्हणतात. दोघांनी दोन टोके धरून ते ओढावयाचे आणि ज्याच्या हाती मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पुरी होते, असा तेथील घरगुती समज आहे. तेच नाव या मांडणीला कायमचे चिकटले.

आता या मांडणीतील खरी मेख पाहू. दोन्हीकडे गडी सारखेच असले तरी चढाई करणाऱ्यांपैकी एकाच्या हातात चेंडू असतो. तो प्रतिपक्षाच्या कोणाला अडवू शकत नाही. म्हणजे बचाव करणाऱ्यांकडे नेहमीच एक माणूस शिल्लक राहतो. ही उणीव कशी भरून काढावयाची? बेलार्ड यांचे उत्तर असे की प्रतिपक्षाच्या दोन गड्यांना मुद्दामच अडवू नये. त्यांच्या हालचालीवरून आपली चाल ठरवावी.

चेंडू हाती येताच क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. त्याची नजर असते मोकळ्या ठेवलेल्या पहिल्या रक्षकावर. तो रक्षक बाहेरच्या बाजूस राहिला तर चेंडू फुलबॅकला देऊन टाकावयाचा व त्याने मधूनच मुसंडी मारावयाची. रक्षक फुलबॅकवर तुटून पडला तर चेंडू काढून घेऊन क्वार्टरबॅकने स्वतः कडेला धावावयाचे. तेथे मोकळा ठेवलेला दुसरा रक्षक भेटतो. तो मागे हटला तर क्वार्टरबॅक धावतच राहतो. तो अंगावर आला तर चेंडू बाजूने धावणाऱ्या हाफबॅककडे टाकतो. दुसरा हाफबॅक पुढे राहून वाट मोकळी करतो. अशा रीतीने दोन रक्षक कोणीही हात न लावता निकामी होतात आणि त्यांना अडवण्यासाठी लागणारी माणसे इतरांना अडवण्यास मोकळी होतात.

आपल्याकडील हुतुतूची आठवण ठेवली म्हणजे हे समजण्यास सोपे जाईल. चढाईला गेलेला पट्टीचा गडी कोणाला बाद करावयाचे हे ठरवून निघत नाही. समोरचा जो चुकीचे पाऊल टाकील तो त्याचा. विशबोनमध्ये हाच निर्णय धावता धावता दोनदा घ्यावा लागतो आणि तोही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. म्हणून या पद्धतीत सरावाला पर्याय नाही. तीच चाल शेकडो वेळा घोटून घ्यावी लागते. त्रिपर्यायी चाल बेलार्ड यांच्यापूर्वीही होती. ह्यूस्टन विद्यापीठाचे बिल येओमन ती वेगळ्या मांडणीतून खेळवीत. तिला तीन धावणाऱ्यांची जोड देऊन मैदानाच्या दोन्ही अंगांना सारखेच बळ देणे, ही बेलार्ड यांची भर होय.

आरंभ मात्र फारसा शुभ झाला नाही. १९६८ च्या मोसमातील पहिला सामना ह्यूस्टनशी २०–२० असा बरोबरीत सुटला आणि दुसऱ्यात टेक्सास टेकने ३१–२२ असा पराभव केला. दुसरा एखादा मुख्य शिक्षक असता तर त्याने नवी मांडणी तेथेच गुंडाळली असती. रॉयल यांनी दोन लहानसे बदल केले. क्वार्टरबॅकच्या जागी जेम्स स्ट्रीट या तरतरीत खेळाडूला आणले आणि फुलबॅक स्टीव्ह वूर्स्टर याला थोडे मागे उभे केले, म्हणजे पहिला निर्णय घेण्यास किंचित अधिक अवधी मिळावा. त्यानंतर टेक्सासचा संघ ओळीने ३० सामने जिंकला. ही मालिका १ जानेवारी १९७१ रोजी नोत्र दाम विद्यापीठाने २४–११ अशी तोडली, तोपर्यंत अखंड चालली.

या मालिकेतील सर्वांत कठीण सामना ६ डिसेंबर १९६९ रोजी आर्कान्सॉविरुद्ध झाला. दोन्ही संघ तोवर अपराजित होते आणि अध्यक्ष निक्सन स्वतः प्रेक्षकांत होते. तीन-चतुर्थांश सामना संपला तेव्हा आर्कान्सॉ १४–० असा पुढे होता. अखेरच्या भागाच्या आरंभीच स्ट्रीटने ४२ यार्ड धावून रेषा गाठली आणि लगेच २ गुणही मिळवले. पुढे पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असता टेक्सासचा चौथा प्रयत्न होता व तीन यार्ड हवे होते. सारे रक्षक धावणाऱ्यावर डोळे लावून बसले होते. रॉयल यांनी चेंडू दूर फेकण्याची आज्ञा दिली. नेहमीसारखी धावण्याची हूल दाखवून स्ट्रीटने चेंडू रँडी पेशेल याच्याकडे फेकला आणि ४४ यार्ड मिळाले. थोड्याच वेळात टेक्सासने सामना १५–१४ असा जिंकला. त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपदही त्यांच्याकडेच गेले. या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. केवळ गोऱ्या खेळाडूंचा तो शेवटचा राष्ट्रीय विजेता संघ ठरला. टेक्सासच्या मुख्य संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ज्युलियस व्हिटियर, १९७० साली खेळला.

यानंतर जे घडले ते विद्येच्या व्यवहाराविषयी विचार करावयास लावणारे आहे. ओक्लाहोमा हा टेक्सासचा जुना प्रतिस्पर्धी. १९७० साली त्याची स्थिती बिकट झाली तेव्हा त्याने मोसमाच्या मध्येच विशबोन स्वीकारली, आणि तिची माहिती त्याला टेक्सासकडूनच मिळाली. १९७१ साली ओक्लाहोमाने केवळ धावून दर सामन्यास सरासरी ४७२ यार्ड मिळवण्याचा विक्रम केला आणि टेक्सासला ४८–२७ असे हरवले. पुढील चार वर्षेही टेक्सासला त्यांच्याकडून हार खावी लागली. अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनीही रॉयल यांच्याकडून ही पद्धत समजून घेतली, १९७१ च्या मोसमापूर्वी ती गुप्तपणे मुलांना शिकवली आणि त्या दशकात अनेक विजेतेपदे मिळवली. दिलेली विद्या देणाऱ्यावरच उलटली, असे कोणी म्हणेल. परंतु ती कुलपात ठेवली असती तर टेक्सासबाहेर तिचे नाव फारसे कोणी घेतले नसते, हेही तितकेच खरे.

१९७२ साली बेलार्ड टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे मुख्य शिक्षक झाले. १९७५ व १९७६ या दोन्ही वर्षी त्यांच्या संघाने प्रत्येकी १० सामने जिंकले, आणि त्यांत रॉयल यांच्या संघावरील विजयही होते. मात्र १९७८ साली दोन मोठे पराभव लागोपाठ झाल्यावर मोसम अर्ध्यावर असतानाच त्यांनी राजीनामा दिला. १९७९ पासून १९८५ पर्यंत ते मिसिसिपी स्टेटमध्ये होते. तेथील एकंदर हिशेब ३७ विजय व ४२ पराभव असा आहे. साहाय्यक म्हणून जे यश मिळाले ते मुख्य शिक्षकाला सदैव मिळतेच असे नाही. त्याला मांडणीखेरीज माणसे जमवावी लागतात, देणगीदारांना सांभाळावे लागते आणि पराभवाचा धनीही त्यालाच व्हावे लागते.

तथापि त्या सात वर्षांतील एक दुपार मिसिसिपीतील लोक विसरले नाहीत. १ नोव्हेंबर १९८० रोजी जॅक्सन येथे त्यांची गाठ अलाबामाशी पडली. अलाबामा ओळीने २८ सामने जिंकून अग्रस्थानी होता, आणि खेळत होता तो बेलार्ड यांचीच विशबोन. स्वतः आखलेल्या यंत्राचा कोणता खिळा ढिला आहे हे कारागिराला ठाऊक असते. मिसिसिपी स्टेटने तो सामना ६–३ असा जिंकला.

१९८० नंतर चेंडू फेकण्यावर भर देणारी पद्धत पुढे आली. विशबोनमध्ये संघ एकदा मागे पडला की झटपट गुण मिळवणे अवघड जाते, आणि व्यावसायिक खेळाची स्वप्ने पाहणाऱ्या क्वार्टरबॅकला त्यात हात दाखवण्यास वावही कमी. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांनी ती हळूहळू सोडली. तरी तिची त्रिपर्यायी चाल अमेरिकेच्या लष्करी अकादमींच्या संघांनी पुढे दीर्घकाळ जपली. अंगाने दांडगे गडी न मिळणाऱ्या संघाला अचूक सराव हाच आधार असतो.

बेलार्ड यांनी मात्र निवृत्तीनंतरही स्वस्थ बसणे पसंत केले नाही. विद्यापीठांत मुख्य शिक्षकपद भूषवलेला हा माणूस १९८८ साली ह्यूस्टनजवळील वेस्टफील्ड या शाळेत मुलांना शिकवण्यास गेला आणि काही वर्षे तेथे रमला. १० फेब्रुवारी २०११ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, स्नायूंचे बळ हरण करणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराने त्यांचे निधन झाले. शाळेच्या मैदानापासून सुरू झालेली त्यांची शिक्षकी शाळेच्या मैदानावरच पुरी झाली होती.