आयर्न मारताना टी लावावी का?

गोल्फ शिकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. ड्रायव्हर मारताना चेंडूखाली टी हवी, हे कुणी सांगावे लागत नाही. पण समोर दीडशे यार्डांवर ग्रीन दिसत असते, हातात सात नंबरची आयर्न असते, आणि खिशातली टी काढायची की चेंडू सरळ गवतावर ठेवायचा, यावर मन घुटमळते. बरोबरचा खेळाडू म्हणतो, ‘आयर्नला टी कशाला?’ कॅडी मात्र न विचारता टी पुढे करतो. या बाबतीत कॅडीचे ऐकावे. आयर्नलाही टी लावावी आणि दर वेळी लावावी. फक्त ती किती उंच आणि कशासाठी लावायची, हे समजून घेतले पाहिजे. गोम तिथेच आहे.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. टी म्हणजे चेंडू टेकवायची छोटी खुंटी. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची, वरच्या टोकाला उथळ खळगा असलेली. आयर्न म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब. हे पाते मागे कललेले असते. त्या कलाला लॉफ्ट म्हणतात. नंबर जितका मोठा, तितका लॉफ्ट जास्त आणि चेंडू तितका उंच जाऊन जवळ पडणारा. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण १० अंशांच्या आसपास असतो, सात नंबरच्या आयर्नचा ३० अंशांच्या आसपास. म्हणजे चेंडू वर उचलायची सोय आयर्नच्या पात्यातच आहे. ते काम आपल्यालाही करायचे नाही आणि टीलाही करायचे नाही.

मग टी हवीच कशाला? चेंडू गवतात बसला की पाते आणि चेंडू यांच्यामध्ये गवताची पाती चिरडली जातात. आयर्नच्या पात्यावर आडव्या खाचा असतात. गवत आणि ओल त्या खाचांत जावी आणि पात्याने चेंडूला घट्ट पकडावे, यासाठी त्या असतात. गवत जास्त झाले, दव किंवा पावसाचे पाणी असले, की खाचांचे काही चालत नाही. चेंडूला उलटी फिरकी, म्हणजे बॅकस्पिन, कमी मिळते. असा चेंडू कधी अपेक्षेपेक्षा लांब जातो आणि ग्रीनवर पडून थांबण्याऐवजी पुढे घरंगळतो. याला फ्लायर म्हणतात. पार-३ होलवर, म्हणजे जिथे पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठायचे असते तिथे, अंतराचा अंदाज हाच सगळा खेळ असतो. पात्याला चेंडू स्वच्छ मिळाला तरच तो अंदाज खरा ठरतो, आणि तेवढी सोय टी करून देते.

जॅक निकलस यांनी व्यावसायिक गोल्फमधल्या १८ मेजर स्पर्धा जिंकल्या. नियम परवानगी देतात तिथे चेंडू टीवरच ठेवावा, असे तेही सांगत आले आहेत. मातीपेक्षा हवेचा अडथळा कमी, एवढे साधे त्यांचे कारण आहे. इतक्या थोर खेळाडूला ही मदत घेण्यात कमीपणा वाटत नसेल, तर आपल्याला वाटायचे कारण नाही.

ही मदत प्रत्येक होलवर फक्त सुरुवातीला मिळते. एकदा चेंडू फेअरवेवर गेला की टी खिशात. म्हणून ती कुठे आणि कशी घ्यायची, हे क्रमाने पाहू.

होलच्या सुरुवातीला दोन खुणा ठेवलेल्या असतात, त्यांना टी मार्कर म्हणतात. दोन्ही मार्करच्या पुढच्या कडांना जोडणारी रेषा मनात आखा. त्या रेषेच्या मागे दोन क्लब लांबीचा आयत म्हणजे टीइंग एरिया. चेंडू या आयतातूनच मारायचा. लांबी मोजायला पटर सोडून आपल्याजवळचा सर्वांत लांब क्लब घेतात. तो बहुधा ड्रायव्हरच असतो, म्हणजे मागे जायला सात फुटांहून थोडी जास्त जागा मिळते. पाय आयताबाहेर असले तरी चालतात, चेंडू आत हवा.

इथली नेहमीची चूक म्हणजे चेंडू रेषेच्या बोटभर पुढे ठेवणे. घाईत नजर ग्रीनवर असते, मार्करकडे कुणी पाहत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजतात त्या स्पर्धेत, याला दोन फटक्यांचा दंड आहे, शिवाय आतून पुन्हा मारावे लागते. मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या सामन्यात, दंड नाही. पण प्रतिस्पर्धी तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. आपला उत्तम पडलेला फटका तो नक्कीच रद्द करील.

आता जागा निवडा. पार-३ च्या टीइंग एरियावर सगळेच आयर्न मारतात, त्यामुळे तिथे डिव्हट, म्हणजे पात्याने उचललेल्या गवताचे खड्डे, जास्त असतात. मार्करच्या अगदी मध्ये आणि रेषेला चिकटून उभे राहायची सवय बहुतेकांना असते. तीच जागा सर्वांत जास्त उखडलेली असते. दोन पावले मागे या, डाव्या-उजव्या बाजूला पाहा. चेंडूची जागा आणि आपल्या पायांची जागा एका पातळीत आहे ना, एवढे तपासा. पाय खड्ड्यात आणि चेंडू उंचावर असेल तर उत्तम टीसुद्धा उपयोगाची नाही.

जागा ठरली की चेंडूमागचे उंच गवत क्लबने किंवा बुटाने दाबून टाका. सैल माती बाजूला करा, दव पुसा. टीइंग एरियात याला पूर्ण मुभा आहे. फेअरवेवर किंवा रफमध्ये हेच केले तर दंड बसतो, म्हणून पुष्कळ जण भीतीने इथेही करत नाहीत. ही हक्काची सवलत आहे, ती सोडू नये.

आता मुख्य गोष्ट, टीची उंची. ड्रायव्हरसाठी चेंडूचा साधारण अर्धा भाग क्लबच्या डोक्याच्या वर दिसेल इतकी टी उंच ठेवतात, कारण तिथे चेंडू वर जाणाऱ्या फटक्यात पकडायचा असतो. आयर्नचे उलट आहे. आयर्नचे पाते खाली उतरता उतरता आधी चेंडूला लागते, मग जमिनीला. फटक्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या थोडा पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडतो. म्हणून आयर्नसाठी टी इतकी खोल खोचायची की वरचा खळगा तेवढा गवतातून दिसावा. चेंडू गवताच्या टोकांवर अलगद बसलेला दिसला पाहिजे, हवेत उभा नव्हे.

याची एक सोपी परीक्षा आहे. चेंडूखाली करंगळी सरकवून पाहा. सहज आरपार गेली तर टी उंच आहे, अजून दाबा. आठ-नऊ नंबरच्या आयर्नला आणि वेजला खळगा जमिनीला जवळजवळ टेकलेला चालतो. सहा-सातला गव्हाच्या दाण्याएवढी फट पुरे. चार-पाच नंबरच्या लांब आयर्नचा लॉफ्ट कमी असतो, तिथे आणखी किंचित वर ठेवा. लॉफ्ट जितका जास्त तितकी टी खाली, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

टी उंच राहिली तर काय होते, ते मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण टीवरून मारलेले आयर्नचे बहुतेक फटके इथेच बिघडतात. खाली उतरणारे पाते चेंडूच्या खालून सरकते आणि चेंडू पात्याच्या वरच्या भागावर लागतो. आवाज बोथट येतो, हाताला कंप जाणवतो, चेंडू उंच चढतो आणि वीसएक यार्ड अलीकडे पडतो. ग्रीनच्या आधी पाणी किंवा बंकर असेल तर चेंडू त्यातच. खेळाडूला वाटते, क्लब चुकला. पुढच्या वेळी तो एक नंबर कमी, म्हणजे लांब जाणारा क्लब घेतो आणि टी तितकीच उंच ठेवतो.

दुसरा परिणाम मनावर होतो. चेंडू उंच दिसला की शरीर नकळत त्याला उचलायला जाते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे वजन मागच्या, म्हणजे उजव्या पायावरच राहते, मनगटे आधीच सुटतात. मग पाते एक तर चेंडूआधी जमिनीत घुसते, त्याला फॅट म्हणतात. किंवा त्याची धार चेंडूच्या पोटावर लागते आणि चेंडू जमिनीलगत सुसाट जातो, त्याला थिन म्हणतात. ‘टी लावली की आयर्न बिघडते’ असे म्हणणारे जे भेटतात, त्यांची तक्रार खरी असते. पण दोष उंचीचा असतो, टीचा नसतो.

खोचायची पद्धत अशी. टी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरा, चेंडू तळहातात तिच्यावर टेकलेला ठेवा आणि चेंडूवरच दाब देऊन टी सरळ खाली ढकला. वेगळी खोचून वर चेंडू ठेवायला गेले की उंची दर वेळी वेगळी होते. टी सरळ उभी हवी.

बाजारात मिळणारी लांब टी ७० मिलिमीटरची असते. ती आयर्नला लागत नाही. आखूड टी घ्या. आणि पार-३ च्या टीइंग एरियावर खाली नजर टाका: इतरांच्या मोडलेल्या टींचे तुकडे पडलेले असतात. त्यांतला वरचा खळगा शाबूत असलेला तुकडा आयर्नसाठी अगदी मापाचा. अनुभवी कॅडी असे तुकडे खिशात जमवून ठेवतात.

आपल्याकडे ऋतूंचाही विचार हवा. पुण्यात येरवड्याला काय किंवा मुंबईत चेंबूरला काय, पावसाळ्यात जमीन इतकी मऊ होते की टी लोण्यात जावी तशी जाते आणि पाते फटक्यात चेंडूमागे रुतते. अशा वेळी टीचा फायदा सर्वांत जास्त. उन्हाळ्यात जमीन टणक होते, लाकडी टी आत जायच्या आधी मोडते. तेव्हा दुसऱ्या जुन्या टीने आधी भोक पाडून घ्या. आपल्याकडच्या अनेक मैदानांवर बर्म्युडा जातीचे गवत असते, ज्याची मूळ जात म्हणजे आपली दूर्वा. नीट कापलेल्या दाट दूर्वेवर चेंडू छान उभा राहतो, आणि म्हणूनच तिथे टी नको असे वाटते. तरीही लावा. छान आणि हमखास यांत फरक आहे.

चेंडू बसला. आता फटका फेअरवेवरून मारतो तसाच मारायचा. चेंडूची जागा, वजन, वेग, काहीही बदलायचे नाही. टी तिथे नाहीच, असे समजून चेंडूच्या पुढचे गवत कापायचे. हे मनाला पटवणे अवघड जात असेल तर सरावाचा एक फटका टीशिवाय, शेजारच्या गवतावर मारून पाते कुठे घासते ते पाहा.

फटक्यानंतर चेंडूमागे धावण्याआधी खाली पाहा. डिव्हट टीच्या जागेच्या पुढे सुरू झाला असेल तर फटका योग्य. मागे सुरू झाला असेल तर पाते आधी जमिनीला लागले आहे, मग चेंडू कुठेही पडलेला असो.

क्लब मागे नेण्याआधी हलवून पाहताना चेंडू टीवरून पडला तर घाबरू नका. फटका मारायचा हेतू नव्हता, तर तो फटका धरत नाहीत. चेंडू पुन्हा ठेवा. मात्र मारायला गेलात आणि चेंडूला क्लब लागलाच नाही, तर एक फटका मोजायचा. चेंडू टीइंग एरियातच असेल तर तो उचलून पुन्हा टीवर ठेवता येतो, २०१९ च्या नियमांनी तशी स्पष्ट मुभा दिली आहे.

टी खुंटीचीच हवी असेही नाही. वाळूच्या छोट्या ढिगावर चेंडू ठेवणे नियमात बसते; लाकडी टी रुळण्यापूर्वी सगळे तसेच खेळत. बॉस्टनचे दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांनी १८९९ मध्ये टीचे पेटंट घेतले, आणि १९२० च्या दशकात न्यू जर्सीचे दुसरे एक दंतवैद्य विल्यम लोवेल यांनी ती बाजारात रुळवली. इंग्लंडच्या लॉरा डेव्हिस, चार मेजर जिंकलेल्या, टीऐवजी क्लब आपटून गवताचा उंचवटा करतात आणि त्यावर चेंडू ठेवतात. नियमाला मंजूर आहे. पण आपल्या क्लबच्या माळ्याचा विचार करून हे करू नये.

टी नको, असा एकच प्रसंग मला मान्य आहे: समोरून जोराचा वारा आणि चेंडू मुद्दाम खालून, कमी उंचीने न्यायचा आहे. तिथेही चांगले खेळाडू टी काढत नाहीत, ती पूर्ण जमिनीत दाबतात.

सरावाबद्दल एक सूचना. रेंजवरच्या मॅटमधली रबरी टी ड्रायव्हरच्या उंचीची असते, तिच्यावर आयर्न मारू नका. वाईट सवय लागते. आयर्नचा सराव टीशिवाय करा, शक्य तर खऱ्या गवतावर, कारण मैदानावर आयर्नचे बहुतेक फटके तसेच मारायचे असतात.

आणि मोडलेली टी उचलून कडेच्या डब्यात टाका. गवत कापायच्या यंत्राच्या पात्यांचे तिने नुकसान होते.