दोन दिवस उजनीकाठी

पाणी : भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्यामुळे कडक उन्हाळ्यातही जलाशयात पाणी राहते.

पाहुणे : डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. पाणी ओसरू लागले की काठचा चिखल उघडा पडतो, त्यातले सूक्ष्म जीव टिपायला रोहित (फ्लेमिंगो) थव्याने उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही दिसतात. पहाटेच निघा, ऊन चढल्यावर पक्षी दूर जातात. नावाड्याला थव्यात होडी घालायला सांगू नका, पाखरे उधळली की त्यांचे खाणे मोडते.

बुडालेले : पाणी फार खाली गेले की करमाळा तालुक्यात कुगावचा इनामदार वाडा आणि पलीकडे पुणे जिल्ह्यात पळसदेवचे जुने मंदिर वर येते. ही विस्थापितांची गावे आहेत. तिथल्या वृद्धांशी जरूर बोला.

होडी : लाइफ जॅकेट नसेल तर बसू नका. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचे प्राण गेले. आभाळ भरून आले तर काठावरच थांबा.

जेवण आणि खरेदी : भिगवणला ताजी मासळी, शक्यतो चिलापीचा रस्सा आणि भाकरी. सोलापूरपर्यंत गेलात तर भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर घ्या.

जाण्यासाठी : पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण पुण्याहून सुमारे १०० किमी. रेल्वेने जेऊर किंवा पारेवाडी.