गुणपत्रिकेत न मावणारे मोजमाप

सातवीतील नातीला घेऊन एक आजोबा माझ्याकडे आले. पोटदुखीची तक्रार होती आणि ती बहुधा सोमवारी सकाळीच उद्भवे. पोट तपासले, लघवीची तपासणी झाली. दोष आढळला नाही. सोमवारी पहिला तास गणिताचा असतो, हे बोलण्याच्या ओघात कळले.

“पण डॉक्टर, तिला गणितात ७८ गुण आहेत!” आजोबा म्हणाले. मुलगी खाली मान घालून पुटपुटली, “मला गणित येतच नाही.”

दोघेही खरे बोलत होते. गुण ही मुलाने केलेल्या कामाची नोंद असते; आपल्याला काय जमते याविषयीची त्याची स्वतःची धारणा ही निराळी गोष्ट. मानसशास्त्रात तिला शैक्षणिक स्वसंकल्पना म्हणतात आणि ती मोजण्याच्या पद्धतीही आहेत.

मात्र “तू हुशार आहेस का?” असे थेट विचारले, तर मूल आपल्याला आवडेल तेच उत्तर देते. अमेरिकेतील सुसान हार्टर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत यावर साधी युक्ती आहे. काही मुले अशी असतात, काही तशी असतात, तू कोणासारखा? आणि पूर्णपणे की थोडासा? दोन्ही प्रकारची मुले असतातच, हे आधीच मान्य केल्याने खरे सांगण्याची लाज उरत नाही.

ऑस्ट्रेलियात हर्बर्ट मार्श यांनी गणित, वाचन आणि एकंदर अभ्यास यांविषयीच्या धारणा वेगवेगळ्या मोजल्या. गणितात चांगले गुण मिळवणारी मुले भाषेतही बहुधा चांगले गुण मिळवतात. परंतु दोन्ही विषयांतील आत्मविश्वास एकमेकांसोबत फारसा चालत नाही. मूल आपल्याच दोन विषयांची तुलना करते. या मुलीला मराठीत ९२ होते. त्यापुढे ७८ तिला अपयश वाटले.

दुसरी तुलना वर्गमित्रांशी. तेवढीच क्षमता असलेले मूल अतिहुशारांच्या वर्गात गेले, की स्वतःला कमी लेखू लागते. लहान तळ्यातला मोठा मासा, असा दाखला मार्श यांनी यासाठी दिला. ही मुलगी जूनमध्येच तालुक्याच्या शाळेतून शहरातील नामांकित शाळेत आली होती. (नामांकित शाळेचा हा खर्च प्रवेशशुल्कात लिहिलेला नसतो.)

मी तिला हार्टर यांच्या धाटणीने विचारले. “काही मुलांना सगळंच गणित अवघड वाटतं, काहींना त्यातला एखादाच भाग. तू कोणासारखी?” बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “शाब्दिक उदाहरणं.” एवढेच! आजोबा गप्प झाले. “तुझ्या बाबांना कधी ९५च्या खाली नव्हते,” हे वाक्य आपण घरी रोज बोलतो, असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

घरच्या गप्पांत आजी-आजोबांना ही रीत सहज वापरता येईल. प्रश्नावली मात्र समुपदेशकांच्या हाती राहू द्यावी. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, तर आधी शारीरिक तपासणी हवी. शाळेत जाणेच थांबले किंवा जगण्याविषयी निराशेचे बोल ऐकू आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दिवाळीनंतर आजोबा स्वतःच्या रक्तदाबासाठी आले. सोमवारची पोटदुखी अधूनमधून असते, म्हणाले. संध्याकाळी दोघे मिळून दोन शाब्दिक उदाहरणे सोडवतात. त्यांतले एक हल्ली आजोबांनाच अडते.